विमान कंपनीच्या नोंदीतले तीन सासरे

खऱ्या आयुष्यात मला सासरे पाहायलाच मिळाले नाहीत, माझ्या लग्नाआधीच ते गेले. विमान कंपनीच्या नोंदीत मात्र मला तीन सासरे होते: एक निवृत्त मास्तर, एक रंगकामाचे ठेकेदार आणि एक शिंपी. आपल्याला अशी एक सून आहे, याचा तिघांपैकी एकालाही पत्ता नव्हता.

हे कसं झालं ते आधी सांगते, म्हणजे पुढे मी का लटपटले ते कळेल. मी तिकिटांच्या ऑफिसात काम करते. दोन टेबलं, एक प्रिंटर, मागे काचेच्या दाराआड साहेबांची केबिन. गिऱ्हाईक येतं, मी विमानाचं तिकीट काढून देते. तिकीट काढताना स्क्रीनवर एक चौकट येते, प्रवाशाचा सभासद क्रमांक भरा म्हणून. ज्याच्याकडे क्रमांक असेल त्याच्या खात्यात प्रवासानंतर पॉइंट जमा होतात, भाडं जितकं जास्त तितके पॉइंट जास्त. पुरेसे साठले की त्यांच्यावर तिकीट मिळतं, कर तेवढा भरायचा. ज्याच्याकडे क्रमांक नाही, त्याचे पॉइंट गेले वाऱ्यावर. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांना हा प्रकारच ठाऊक नसतो. रोज त्या रिकाम्या चौकटी बघून माझा जीव तुटायचा.

एक दिवस मी मास्तरांचं सभासदत्व उघडलं. नाव त्यांचं, जन्मतारीख त्यांची, ईमेल आणि फोन नंबर माझा. घरातल्या माणसांचे पॉइंट एकत्र साठवायला कंपनीत कुटुंब खातं असतं, त्यात त्यांना घातलं. नातं विचारलं तेव्हा 'सासरे' निवडलं. कंपनीने पुढे काही विचारलं नाही. मग ठेकेदार, मग शिंपीकाका. नाहीतरी मातीत जाणार होते ते पॉइंट, त्यांचं काय गेलं, असं मी स्वतःला समजावायचे. चोराला असं काहीतरी समजावून घ्यावंच लागतं.

तुम्ही म्हणाल, बाई भलतीच धीट दिसतेय. छे! मी एक नंबरची भित्री. घराला कुलूप लावलं तरी तीनदा ओढून बघणारी. ऑफिसातला फोन वाजला की दचकायचे, कंपनीचाच असेल म्हणून. दोन वर्षं ती धास्ती घेऊन मी कामाला येत होते आणि एकही पॉइंट वापरला नव्हता. वापरायची हिंमत नव्हती आणि सोडून द्यायची दानत नव्हती.

हिंमत आली ती लेकीपायी. तिला नववा लागला होता. ती राहते समुद्रापलीकडे. जावई जहाजावर, आणखी तीन महिने तरी त्याचे पाय जमिनीला लागणार नव्हते. तिचं आधीचं मूल पोटातच गेलं होतं आणि तेव्हा मी पोहोचू शकले नव्हते. ते तिने कधी बोलून दाखवलं नाही, म्हणून मला जास्तच लागायचं. या वेळी डॉक्टरांनी शुक्रवारी ऑपरेशन करून बाळंतपण करायचं ठरवलं होतं. ती रोज फोनवर एकच विचारायची, "आई, तू नक्की येतेयस ना?"

इतक्या जवळच्या तारखेचं भाडं म्हणजे माझे पाच पगार. शेवटी मी कुटुंब खातं उघडलं. त्यात बासष्ट हजार सहाशे पॉइंट होते आणि तिकिटाला बासष्ट हजार लागत होते. माझ्यासाठीच कुणी मोजून ठेवले असावेत असं वाटलं. मी डोळे मिटले आणि बटण दाबलं. मंगळवार संध्याकाळचं तिकीट निघालं. ही गोष्ट गेल्या शुक्रवारची.

सोमवारी, एक तारखेला, सकाळी ऑफिस उघडल्या उघडल्या शिंपीकाका आले. डाव्या डोळ्यावर पट्टी होती. खुर्ची चाचपून बसले आणि म्हणाले, "ताई, उद्याचं तिकीट काढा. डोळ्याच्या दवाखान्याचं. बुधवारी सकाळी ऑपरेशन आहे. एक डोळा गेल्यातच जमा आहे. हा उजवाही हातचा गेला, तर सुईत दोरा ओवणं कायमचं संपलं."

"जायचं आणि यायचं?"

"नुसतं जायचं. येताना भाचा गाडीने घेऊन येईल. आणि पैसे ऑपरेशनला लागणार आहेत, तेव्हा तिकीट पॉइंटांवर काढा."

माझी बोटं होती तिथेच थांबली.

"कुठले पॉइंट, काका?"

"अहो, माझे! पंधरा दिवसांपूर्वी तपासून घ्यायला गेलो होतो ना, तेव्हा विमानतळावरच्या मुलीने सांगितलं. म्हणे, काका, तुमच्या खात्यात एक्केचाळीस हजार दोनशे पॉइंट आहेत, नुसते पडून का राहू दिलेत? मी म्हटलं, माझं कसलं आलंय खातं? ती म्हणे, हे काय, आहे की. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हे काम आमच्या ताईंचंच! लोकांचं भलं करतात आणि वर सांगतसुद्धा नाहीत." मग केबिनकडे मान वळवून मोठ्याने म्हणाले, "साहेब, सोन्यासारखं माणूस आहे तुमच्याकडे!"

साहेब कप हातात घेऊन बाहेर आले. काकांनी त्यांना सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. "अरे वा, बाई!" साहेब म्हणाले. "मग द्या की काढून." आणि तिथेच प्रिंटरला टेकून उभे राहिले.

काकांनी शिव्या दिल्या असत्या तर मी सोसल्या असत्या. ते कौतुक मात्र मला सोसवेना. त्यांचे एक्केचाळीस हजार दोनशे मी शुक्रवारीच खाऊन बसले होते. खात्यात उरले होते सहाशे. मी तसं म्हटलं की काका कंपनीला फोन लावणार, कंपनी विचारणार की ही सून कोण, आणि साहेब तर दोन हातांच्या अंतरावर उभे. नोकरी जाईल, पोलीस येतील, तिकडे लेक ऑपरेशनच्या टेबलावर आणि इकडे आई चौकीच्या बाकावर.

दुपारी या, असं सांगता आलं असतं. काकांना बाजूला घेऊन पाय धरता आले असते. हे सगळं आता सुचतं. भीतीला अक्कल नसते, नुसती घाई असते. मला त्या घटकेला एवढंच सुचलं की आपलं तिकीट रद्द करावं, पॉइंट खात्यात परत येतील, त्यातून काकांचं काढून द्यावं आणि त्यांना वाटेला लावावं. मग उरलेल्यांत भर घालून माझं तिकीट पुन्हा काढायला कुणाकडे तरी तोंड वेंगाडता येईल. आजचा दिवस तरी निभावेल.

नक्की रद्द करायचं का, असं स्क्रीनने विचारलं. मी हो म्हटलं.

खात्यात आकडा आला, एकवीस हजार चारशे.

मी पान पुन्हा उघडलं. एकवीस हजार चारशे. तिसऱ्यांदा उघडलं, आणि मग मला नियम आठवला. एका वर्षात मिळालेल्या पॉइंटांची मुदत एकदमच संपते, ठरलेल्या महिन्याच्या अखेरीला. तिकीट काढताना सगळ्यात जुने पॉइंट आधी कापले जातात. आणि तिकीट रद्द केलं तर पॉइंट परत येतात, पण आपल्या जुन्याच मुदतीसकट. काका बायकोला घेऊन मोठ्या इस्पितळात खेपा घालत होते, त्या एका वर्षाचे होते त्यांचे ते एक्केचाळीस हजार दोनशे. काकू राहिल्या नाहीत, पॉइंट राहिले होते. त्यांची मुदत काल संपली होती. माझ्या तिकिटात अडकून होते तोवर ते जिवंत होते. आज मी त्यांना बाहेर ओढलं आणि ते मेलेलेच बाहेर आले. हा नियम मी गिऱ्हाइकांना शंभरदा सांगितलाय. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण.

माझं तिकीट गेलं. लेकीकडे जायचा रस्ता मी माझ्याच बोटाने बंद केला होता.

"होतंय ना, बाई?" साहेबांनी विचारलं.

"हो साहेब. सर्व्हर जरा हळू आहे."

काकांच्या तिकिटाला एकोणीस हजार लागत होते. एकवीस हजार चारशे होते ते मास्तरांचे आणि ठेकेदारांचे, पण आता ते बघायला मी शुद्धीवर होते कुठे? नाव भरलं, ओटीपी मागवला. काकांचा फोन त्यांच्या खिशात गप्प राहिला आणि माझा टेबलावर थरथरला. साहेबांनी तिकडे पाहिलं की नाही, मला कळलं नाही. पाहण्याची माझी छातीच झाली नाही. काकांनी कराचे पैसे मोजून दिले. प्रिंटरमधून तिकीट आलं. साहेब कप घेऊन आत गेले, पण दार त्यांनी उघडंच ठेवलं.

आता काका उठतील आणि जातील, म्हणून मी वाट बघत बसले. काकांनी कागद उजव्या डोळ्याजवळ नेला आणि एकेक ओळ बोटाने वाचली. आयुष्यभर मापं घेतलेला माणूस तो, आकडा चुकायचा नाही.

"एकोणीस हजार गेले. म्हणजे माझे बावीस हजार दोनशे उरले. ते कधीपर्यंत चालतील?"

"नाही उरले, काका. त्या पॉइंटांची मुदत काल संपली." त्या सकाळी माझ्या तोंडून निघालेलं हे पहिलं खरं वाक्य.

"अरेरे," काका हळहळले. "ती होती तेव्हाचे होते ते." मग त्यांनी कागद पुन्हा डोळ्याजवळ नेला. "ताई, माझं कापड काल संपलं म्हणता, मग आज हा सदरा कुठल्या कापडाचा बेतला? हे एकोणीस हजार कुणाचे?"

तेवढ्यात माझा फोन वाजला. लेकीचा होता. न उचलता तो मध्येच बंद करावा, तर ती घाबरणार. मी उचलला.

"आई, बॅग भरून झाली का गं? जाड स्वेटर घे, इथे खूप थंडी आहे."

"बाळा, मी येत नाहीये."

"म्हणजे? विमान रद्द झालं का?"

किती सोपं होतं! नुसतं हो म्हणायचं होतं. रोज कुठलं ना कुठलं विमान रद्द होतच असतं. पण काका समोर बसून त्यांच्या एका डोळ्याने माझ्याकडे बघत होते, आणि मला एकदम इतकी दमणूक वाटली की आणखी एक खोटं उचलायची ताकदच उरली नाही.

"विमान नाही रद्द झालं. तिकीट मी रद्द केलं. ते माझं नव्हतंच. लोकांच्या नावाने खाती उघडून मी त्यांचे पॉइंट घेतले होते, त्यांना न विचारता. त्यातले एक जण माझ्यासमोर बसलेत."

केबिनमध्ये खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. लेक अगदी लहानपणच्या आवाजात म्हणाली, "मग शुक्रवारी मी एकटीच?"

घाबरू नकोस, हे मी तिला जन्मभर सांगत आले. आता ते शब्द ओठांवर येईनात. "हो गं," एवढंच म्हणाले. फोन ठेवायचं मला भान राहिलं नाही, तो हातात तसाच चालू होता.

साहेब दारात उभे होते. त्यांचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. ते माझ्या टेबलाशी आले आणि त्यांनी ऑफिसच्या फोनचा रिसीव्हर उचलला. कंपनीचा नंबर त्यांना पाठ आहे.

मला वाटलं होतं, काका ओरडतील. काकांनी तिकिटाची घडी घातली, ती दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि हळूच विचारलं, "ताई, हे तिकीट तरी खरं आहे ना? उद्या विमानतळावरून मला परत नाही ना पाठवणार?" इतकी वर्षं मी ज्या भीतीत जगले, तीच आता त्यांच्या तोंडावर होती, आणि ती मी आणली होती.

उत्तर मला माहीत होतं. साहेबांचा फोन लागला की कंपनी सगळ्यात आधी ते कुटुंब खातं गोठवणार आणि त्यावर काढलेली सगळी तिकिटं बाद करणार.

मी उठले आणि साहेबांच्या हातावर हात ठेवला. तसं करायची माझी प्राज्ञा नव्हती, तरी ठेवला. "साहेब, मी सगळं लिहून सही करून देते. फक्त हा फोन बुधवारी दुपारी करा, काकांचं ऑपरेशन होऊ द्या. मी कुठे पळून जाणार नाही. मला जायला तिकीटच नाहीये."

साहेबांनी रिसीव्हर खाली ठेवला नाही, पण नंबरही दाबला नाही. माझ्या दुसऱ्या हातातल्या फोनवर लेक अजून ऐकत होती.