हंड्यातला राजमा

सन १९६४, नोव्हेंबरचा दुसरा आठवडा. उत्तरेचा गार वारा त्याच सकाळी सुटला होता. मी हॉलिस टकेटचा बिडाचा हंडा. त्या दिवशी माझ्या पोटात काय शिजले ते मीच सांगतो. लोक वाढवून सांगतात.

मला कोणी ओतले, ठाऊक नाही. हॉलिसच्या आजीने मला आणले, आईने वापरले. साबण मला कधी लागला नाही. गरम पाणी, फडके आणि वरून चरबीचा हात, एवढीच माझी आंघोळ. पन्नास वर्षे माझ्यात एकच चिली, म्हणजे मांसाचा तिखट रस्सा, झाली. गाईचे मांस बोटाच्या पेराएवढे कापून, वाळक्या लाल मिरच्या भिजवून वाटून, जिरे, लसूण, चार तास मंद आच. राजमा नाही. टेक्सासात राजमा वेगळ्या भांड्यात शिजतो. चिलीत राजमा का नाही, असे एका जावयाने विचारले, तर हॉलिसने त्याला ताटावरून उठवले. याला तो तत्त्व म्हणे.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये कुंपणाशी हॉलिसला खुळखुळ्या साप चावला. शेजारच्या ल्यूएलाने, ओहायोहून आलेल्या विधवेने, त्याला गाडीत घालून चाळीस मैलांवर दवाखान्यात नेले. जीव वाचला. पण अंगावरचे ऋण त्याला विषापेक्षा जड झाले.

त्याने कालवड देऊ केली. तिने नको म्हटले. कुंपण बांधून देतो म्हणाला.

"माझं कुंपण धड आहे."

"मग काय हवं ते सांगा की, बाई!"

"चिली. तुमच्या हातची, तुमच्याच हंड्यात. राजमा घालून. आमचे हे तशीच खायचे."

हॉलिसने बुटाच्या टोकाने माती उकरली. "दोन कालवडी देतो."

"राजमा, म्हातारबुवा."

त्याने राजमा भिजवला, वेगळा शिजवला तो पडदा ओढून. शेवटी माझ्यात ओतताना त्याने तोंड फिरवले. मला ती सोय नव्हती.

ल्यूएला येऊन बसली, तोच वासावर डॉयल आला. हॉलिसचा चाळीस वर्षांपासूनचा मित्र, गावभर बातम्या पसरवणारा. त्याने थेट माझे झाकण उचलले.

"अरे देवा! हॉलिस, या बाईनं तुझ्या हंड्यात काय कालवलं रे?"

ल्यूएलावर ढकलणे सोपे होते. ओहायोची बाई, गावाने लगेच मानले असते. हॉलिसने डॉयलच्या हातातून झाकण घेतले.

"मी घातलाय."

"तू? शुद्धीवर?"

"शुद्धीवर. बस, वाढतो."

"गावात सांगू?"

"सांग. दाणे मोजून सांग."

डॉयलने नाक मुरडत दोन वाट्या संपवल्या. तत्त्व त्याचेही तेच होते.

ल्यूएलाने पहिला घास घेतला आणि चमचा खाली ठेवला. बोटातली लग्नाची अंगठी एकदा फिरवली. मग वाटी पुसून खाल्ली.

"फिटलं, हॉलिस," ती म्हणाली.

हॉलिसने मान डोलावली.