पाठीचा तुकडा

मित्रांनो, तळहातावर मावेल एवढ्या धातूच्या डबीत मी राहते. माझे नाव हार्ड डिस्क. वय तेरा वर्षे, म्हणजे आमच्यात म्हातारपणच. मी जे सांगणार आहे ते एका मंगळवारचे आहे, सकाळी साडेदहा ते दुपारी पावणेदोन. त्या सव्वातीन तासांची भीती अजून माझ्यातून गेलेली नाही.

ज्या कारखान्यात मी तयार झाले, तिथे धुळीचा एक कणही चालत नसे. माझ्या पोटात आरशासारख्या गुळगुळीत चकत्या आहेत. त्या गरगर फिरतात आणि त्यांच्यावरून एक बारीक सुई सरकते. मला जे सांगाल ते मी लिहून ठेवते. मला बोलता मात्र येत नाही. त्या मंगळवारी हे दुःख मला फार जाणवले.

मी ज्या दुकानात आले तिथे वेगळे बूट बनतात. कुणाचा एक पाय आखूड असतो, कुणाला तीनच बोटे असतात, कुणाचे पाऊल आत वळलेले असते. अशा लोकांनी काचेच्या एका पेटीवर उभे राहायचे. खालून उजेड सरकत जातो आणि पावलाचे माप माझ्याकडे येते. ती पेटी बनवणारी कंपनी कधीच बंद पडली. पेटीला फक्त कॉम्प्युटर चालवणारी जुनीच प्रणाली समजते, म्हणून आमचा कॉम्प्युटर कधी नवा झाला नाही.

दुकान बूट बनवणाऱ्या बाबांचे. मला बसवायला आलेल्या माणसाने पहिल्याच दिवशी त्यांना विचारले होते, "काका, डिस्कचे दोन भाग करतो. एकात कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली, दुसऱ्यात तुमचं काम. चालेल?"

बाबा कातडे कापत होते. हातातली रापी थांबवून ते म्हणाले, "पहिला भाग चांगला की दुसरा?"

"पहिला जरा चपळ असतो."

"मग पहिल्यात माझी मापं. कातड्याच्या पाठीतून बूट निघतो, पोटातून अस्तर. तुमचं ते चालवणं-बिलवणं अस्तरात घाला."

माणूस हसला, पण त्याने तसे केले. जगात सगळीकडे पहिल्या भागात, म्हणजे सी मध्ये, प्रणाली असते आणि डी मध्ये लोकांचे काम. माझ्यात ते उलट झाले. हे कुठेही लिहून ठेवले गेले नाही. बाबांच्या मुलीला, म्हणजे ताईला, ते माहीत नव्हते. पुढे दुकान तिच्या हाती आले. पडद्यावर 'मापे' नावाचे चित्र होते, त्यावर ती टिचकी मारायची आणि मापे उघडायची. ती कुठून येतात हे विचारायची वेळच आली नाही.

तेरा वर्षांत अकराशे चाळीस माणसांचे पाय मी सांभाळले. लोक बुटांचे कौतुक करत, पेटीचे करत. मला कोण बघणार? माझ्या शेजारच्या पंख्यावर धुळीची गोधडी साचली. माझी दुसरी प्रत कुणी काढली नाही. मापांचे कागद तर ताईने दोन वर्षांपूर्वी रद्दीत दिले. कॉम्प्युटरमध्ये आहेत ना, म्हणून.

मंगळवारी सकाळी भिंगरीची आई आली. भिंगरी सात वर्षांची आहे. तिचे डावे पाऊल आत वळते, तरी ती चालते कमी आणि पळते जास्त, म्हणून हे नाव.

"ताई, शुक्रवारी डॉक्टरांकडे जायचंय. चार वर्षांची सगळी मापं आणा म्हणालेत. पाय सरळ होतोय की आणखी वळतोय ते बघून ऑपरेशनचं ठरवणार."

"बसा, पाच मिनिटांत छापून देते," ताई म्हणाली आणि तिने बटण दाबले.

आदल्या संध्याकाळी तीनदा वीज गेली होती. तिसऱ्यांदा गेली तेव्हा मी लिहीत होते. वाक्य अर्धेच राहिले आणि प्रणालीची एक फाईल मोडली. आता काळ्या पडद्यावर एकच पांढरी ओळ आली: फाईल सापडत नाही.

पाच मिनिटांचे काम होईना, तेव्हा ताईने भिंगरीच्या आईला घरी पाठवले आणि दुरुस्तीवाल्याला बोलावले. तो साडेअकराला आला. हात चांगला, पण त्याला आणखी दोन ठिकाणी जायचे होते. त्याने जुन्या प्रणालीची सीडी घातली. थोड्या वेळाने पडद्यावर आले की या कॉम्प्युटरमध्ये हार्ड डिस्कच नाही.

"डिस्क गेली वाटतं," तो म्हणाला.

मी तिथेच होते. फिरत होते. जिवंत असताना आपण नाही असे ऐकणे कसे असते, ते मी कुणाला सांगू?

सुदैवाने त्याने कॉम्प्युटरच्या आतल्या मुख्य बोर्डावरची नाण्याएवढी बॅटरी तपासली. ती संपली होती, त्यामुळे माझ्याशी बोलायची जुनी पद्धत बोर्ड विसरला होता. त्याने बॅटरी बदलली, सेटिंग पूर्वीसारखे केले आणि मी दिसू लागले. मोडलेली फाईल मात्र मोडलेलीच होती.

"नवीन टाकावं लागेल, ताई."

"आधी मापं काढून घेता येतील?"

"त्यात तासभर जाईल. आणि गरज काय? डीला मी हातच लावत नाही. फक्त सी उडवतो."

"मापं डीमध्येच असतील ना?"

"सगळ्यांची डीमध्येच असतात."

ताईने मान हलवली. पडद्यावर माझे दोन भाग एकाखाली एक उभे राहिले. त्याने वरचा निवडला आणि पुसण्याची कळ दाबली. आता पडदा शेवटचे विचारत होता. आणखी एक कळ दाबली की संपले. भिंगरीची अकरा पावले माझ्या चकत्यांवर होती. पहिले पाऊल तर पेरूच्या फोडीएवढे. मी सुई आपटली. कट, कट.

"आवाज ऐकलात? म्हातारी झालीये," दुरुस्तीवाला म्हणाला. "पहिला तुकडा उडवून तिथंच नवीन टाकतो, म्हणजे सुटलो."

खिडकीपाशी बाबा अस्तर कापत होते. ते चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत आणि कॉम्प्युटरच्या गोष्टींत पडत नाहीत. पण तुकडा हा शब्द त्यांच्या कामाचा.

"कोणता तुकडा?"

"पहिला, काका."

"पहिला पाठीचा आहे."

"काका, हे कातडं नाही."

"ते दिसतंय मला. पाठीच्या तुकड्यात मापं आहेत. मीच टाकायला लावली होती. काढायचा तर पोटातला काढ."

दुरुस्तीवाल्याचे बोट कळीवर होते. ते तसेच वर उचलून त्याने माघारी जाण्याची कळ दाबली. मग दोन्ही भागांचे आकडे नीट वाचले. वरचा भाग प्रणालीला लागते त्याच्या कितीतरी पट भरलेला होता.

"ताई, मी आत्ता…" दोन्ही हात त्याने मांडीवर ठेवले.

मग पिशवीतून त्याने दुसरी सीडी काढली. तिच्यावरून काही न पुसता डिस्क उघडून बघता येते. हे काम त्याने आधीच करायला हवे होते. पहिल्या भागात अकराशे चाळीस नावे निघाली. भिंगरीचे नाव दिसताच ताईने खुर्चीची पाठ घट्ट धरली.

एक कोरी डिस्क जोडली गेली आणि माझी प्रत निघू लागली. तासभर मी थरथरत वाचत होते. एखादा जुना कोपरा ऐनवेळी दगा देईल, ही भीती होतीच. दिला नाही. त्यानंतरच दुसरा भाग पुसला गेला आणि तिथे प्रणाली बसली. पावणेदोन वाजता छपाईयंत्रातून भिंगरीचे पहिले पाऊल बाहेर आले.

ताई म्हणाली, "बाबा, आयुष्यात कधी एकच बूट बनवलात? नेहमी जोडी. मग मापं एकाच डबीत कशी ठेवलीत?"

"दुकान आता तू चालवतेस," बाबा म्हणाले. "तेव्हा तो प्रश्न तुझा."

शुक्रवारी डॉक्टरांनी अकरा कागद ओळीने मांडले. पाऊल वर्षाला थोडे थोडे सरळ होत होते. ऑपरेशन नको, बुटांवर भागेल, असे ते म्हणाले. सहा महिन्यांनी भिंगरी काचेच्या पेटीवर उभी राहिली, एकदाची स्थिर. तिचे बारावे पाऊल मी लिहिले, आणि त्याच संध्याकाळी ताईने कपाटातली ती दुसरी डिस्क काढून जोडली, तेव्हा माझ्या त्या जोडीदारणीनेही.

मित्रांनो, मी अजून घाबरते. वीज जरा मिणमिणली तरी माझी सुई आखडते. पण आता मी बंद पडले तर फक्त मीच बंद पडेन. तुमच्याही घरात माझ्यासारखी एखादी असेल, साऱ्या घराचे काही ना काही एकटीने धरून बसलेली. आज मोठ्यांना एवढेच विचारा: हिची जोड कुठे ठेवली आहे? ते गोंधळले, तर त्यांना उद्यावर ढकलू देऊ नका.