सहा कोंबड्यांची हजेरी

"दाजी, पुरे झालं आता. त्या येणार नाहीत," मेहुणी मागच्या दाराच्या पायरीवरून म्हणाली.

भाऊसाहेब दाण्यांची वाटी घेऊन लिंबाच्या झाडाखाली उभे होते. 'या, या' करून अर्ध्या तासात त्यांचा घसा बसला होता. सहाही कोंबड्या कुंपणाच्या भिंतीवर अशा निवांत बसल्या होत्या, की जणू ह्या गृहस्थाला आपण कधी पाहिलेलंच नाही. तसं ते अगदीच खोटं नव्हतं. कोंबड्या बायकोच्या. तिला जाऊन पावणेदोन महिने झाले होते, आणि अंधार पडायच्या आत खुराड्यात शिरायचं असतं ही शिस्त कोंबड्यांनी तेव्हापासून सोडून दिली होती.

"परवा बोक्यानं एक नेली ना?"

"नेली."

"कुठली?"

भाऊसाहेबांनी भिंतीवरच्या सहाही जणींवरून नजर फिरवली. शाळेच्या कचेरीत चौतीस वर्षं कारकुनी केलेला हा माणूस. मिशा फुटलेला बाप्या रस्त्यात भेटला, तरी त्याचं नाव, बापाचं नाव आणि शाळेत दाखल झाल्याचं वर्ष घडाघडा सांगणारा. आणि घरच्या सात कोंबड्यांतली गेली कोण, याचा पत्ता नाही! प्रत्येकीला नाव होतं एवढंच त्यांना ठाऊक होतं. बायको रोज संध्याकाळी मागच्या दारी काहीतरी हाका मारायची. पण नेमक्या त्याच वेळी रेडिओवर बातम्या लागायच्या, आणि भाऊसाहेब उठून आवाज वाढवायचे.

"मी रविवारी टेम्पो घेऊन येते," मेहुणी म्हणाली. "माझ्याकडे जागा आहे, माणसं आहेत. इथं राहिल्या तर बोका एकेक करून सगळ्या संपवेल. ताईचा जीव होता हो त्यांच्यात."

"रविवारी सगळ्या आपल्या पायांनी आत गेल्या तर?"

मेहुणीने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "गेल्या तर राहू देत. पण एक जरी बाहेर राहिली तर सगळ्या नेणार. आणि हाक मारायला नावंच हवी असतील तर ठेवा की नवी. सोपी सोपी."

"नवी नाही," भाऊसाहेब म्हणाले. "नाव एकदा लागलं की लागलं. मनाला येईल तसं ते बदलता येत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी एक कोरी वही घेतली, पट्टीने रकाने आखले: अनुक्रमांक, नाव, ओळखीची खूण, शेरा. मग अंगणात स्टूल टाकून खुणा टिपल्या. तुरा पडलेली काळी. उघड्या मानेची. खूण लिहून झाली तरी नाव कोरं, अशी पाळी त्यांच्यावर आयुष्यात पहिल्यांदाच आली.

शेजारीण शिवणकाम करायची. तिचं मशीन होतं मागच्या खिडकीशी, म्हणजे भाऊसाहेबांच्या अंगणासमोरच. अकरा वर्षांच्या शेजारात ते तिच्याशी मोजून चार वाक्यं बोलले असतील. आता वही काखेत मारून ते खिडकीपाशी जाऊन उभे राहिले.

"तुमची काकू कोंबड्यांना काय नावांनी बोलवायची, सांगाल का?"

शिवणवालीने मशीन थांबवलं. "बोलवायच्या कसल्या, हजेरी घ्यायच्या! एक नाव, एक चिमूट दाणे. म्हणायच्या, घरात कारकून आहे, थोडं तरी शिकायला नको?"

भाऊसाहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

"ती काळी..." शिवणवाली घुटमळली. "रागावू नका हं. हेडबाई."

भाऊसाहेबांना हसू फुटलं. पावणेदोन महिन्यांत पहिल्यांदाच. शाळेतल्या हेडबाईंना ते सतरा वर्षं चळाचळा कापत असत, आणि ही गोष्ट घरी कुणाला माहीत नाही अशी त्यांची समजूत होती.

"पांढरी ती उद्या. अंडं कधी, तर उद्या. उघड्या मानेची चोमडी. सारखी माझ्या खिडकीत, कोण काय शिवायला टाकतंय ते बघत. ती ठिपकी, दिसतेच आहे. बोक्यानं नेली ती भिंगरी."

"आणि ही जाडी तांबडी?"

"राहू द्या ना."

"लिहायचंय मला."

"सवत," शिवणवाली कात्रीकडे बघत म्हणाली. "तुम्ही पेपर घेऊन बसलात की ती तुमच्या पायाशी येऊन बसते. काकू म्हणायच्या, माझ्यापेक्षा हिलाच ह्यांचा सहवास जास्त."

भाऊसाहेबांनी मान वर न करता ते नाव लिहिलं. अक्षर नेहमीसारखं वळणदार आलं नाही.

"राहिली ही लहानगी तलंग."

"तिचं काकूंनी ठेवलंच नव्हतं. तुमच्यावर सोडलं होतं म्हणे."

हे मात्र त्यांना आठवलं. दवाखान्यात जायच्या आदल्या आठवड्यात बायको ती केशरी तलंग काखेत घेऊन त्यांच्या खुर्चीशी आली होती. 'हिचं नाव तुम्ही ठेवा. जन्मभर लोकांनी ठेवलेली नावं उतरवून घेतलीत. एक तरी आपल्या मनानं ठेवा.' त्या दोघांना मूल नव्हतं, त्यामुळे तशी वेळ कधी आलीच नव्हती. पेपर खाली न घेता ते म्हणाले होते, 'बघू.' दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा विचारलं. तेव्हाही बघू. कचेरीत ज्याने कुणाचा साधा अर्ज टेबलावर शिळा होऊ दिला नाही, त्याने बायकोचा तेवढा अडकवून ठेवला होता. त्यांना स्वतःचा संताप आला. घरी जाऊन त्यांनी तीन दिवस डोकं खाजवलं आणि तिच्या ओळीत लिहिलं: केशर.

गुरुवारी संध्याकाळी त्यांनी रेडिओ बंद केला, वही उघडली आणि शाळेच्या शिरस्त्याप्रमाणे अकारविल्हे हजेरी सुरू केली. "उद्या!" पांढरीने मान वळवली, पण जागची हलली नाही. "केशर! चोमडी! ठिपकी! सवत!" वाटीतले दाणे वाटीतच.

खिडकीतून शिवणवालीचं हसू ऐकू आलं. "अहो भाऊसाहेब, हेडबाई आधी! ती आत गेल्याशिवाय बाकीच्यांची काय टाप आहे पाऊल टाकायची?"

अकारविल्हे लावल्यावर हेडबाई सगळ्यात शेवटी येत होत्या. भाऊसाहेबांनी कपाळाला हात लावला. इतकी वर्षं शाळेत काढून एवढी साधी गोष्ट लक्षात येऊ नये? रात्री त्यांनी वही नव्याने लिहून काढली.

शुक्रवारी हेडबाई उतरल्या. डुलत डुलत, उपकार केल्यासारख्या. मागोमाग चोमडी, सवत, ठिपकी. उद्या सर्वांत उशिरा, अर्थातच. बाहेर राहिली ती तलंग.

"केशर! ए केशर!"

तिने पिसांत चोच खुपसली. शेवटी स्टुलावर चढून तिला धरून आत टाकावं लागलं. त्यात भाऊसाहेबांचं कोपर सोलून निघालं. आपल्या पायांनी काही ती गेली नाही.

शनिवारी ते पुन्हा खिडकीशी गेले. "तिला नाव नव्हतं, तर तुमची काकू तिला हाक कशी मारायची? हजेरी तर रोज व्हायची."

शिवणवालीने दोरा तोडला, पुन्हा ओवला. "सांगणार नव्हते मी. वाईट वाटेल तुम्हाला."

"सांगा."

"बघू."

भाऊसाहेबांनी काढलेलं टोपण पुन्हा पेनाला लावलं.

"थट्टेनंच हो," ती घाईघाईने म्हणाली. "म्हणायच्या, ह्यांचं ठरेपर्यंत हेच. बघू, चल आत. बघू, दाणे खा. पण ठरलं की तेच लावायचं म्हणायच्या. तुम्ही केशर ठेवलंत, छान आहे की. होईल चार दिवसांत सवय."

चार दिवस नव्हते, एकच होता. पण दिवसांचा प्रश्न नव्हताच. घरी येऊन भाऊसाहेबांनी 'केशर'वर सरळ रेघ मारली, वर नवं नाव लिहिलं आणि दुरुस्तीपाशी सही केली. मग बराच वेळ ते नाव मोठ्याने म्हणून पाहिलं.

रविवारी टेम्पो आला. मेहुणी दोन टोपल्या घेऊन मागच्या पायरीवर बसली. भाऊसाहेबांनी स्वच्छ शर्ट घातला होता, जुन्या सवयीने खिशाला पेन होतं.

"हेडबाई!"

मेहुणी दचकली. काळी कोंबडी भिंतीवरून उतरली, चिमूटभर दाणे टिपले आणि आत गेली.

"चोमडी. सवत. ठिपकी." एक नाव, एक चिमूट. मेहुणीच्या हातातली टोपली हळूहळू खाली टेकली. "ताई अशीच..." ती म्हणाली आणि थांबली. "उद्या!" उद्या रेंगाळली, पण गेली.

भिंतीवर एकटी तलंग उरली. उजेड कमी होत चालला होता. पलीकडे मशीनचा आवाज थांबला.

भाऊसाहेबांनी शेवटची चिमूट खुराड्याच्या दाराशी टाकली. "बघू," त्यांनी हाक मारली. "बघू, चल आत."

तलंगेने मान तिरकी करून पाहिलं, टुणकन उडी मारली, त्यांच्या चपलेवरून धावत जाऊन दाणे टिपले आणि खुराड्यात शिरली.

मेहुणीने पदराने डोळे टिपले. मग तिला हसू आलं. "बघू? हे कसलं नाव, दाजी? कुणी ठेवलं?"

"मी," भाऊसाहेब म्हणाले, आणि वाकून त्यांनी खुराड्याची कडी लावली.