एकतिसावा क्रमांक

डोमाजीने जर्द्याने पिवळी पडलेली बोटे धोतराच्या सोग्याला पुसली, वर्तमानपत्राची घडी गुडघ्यावर उलगडली आणि घसा खाकरला. त्यासरशी कारध्याच्या त्या बिडी कारखान्यातील सतरा बायकांच्या माना किंचित वर झाल्या. हात मात्र एकीचाही थांबला नाही. डोमाजीने वाचावे आणि त्याच्या वाट्याच्या हजार बिड्या सर्वांनी मिळून वळून द्याव्यात, असा तेथील अलिखित नियम होता. सातवी उत्तीर्ण झालेल्या मनुष्यास त्या छपराखाली याहून मोठा मान संभवत नव्हता, आणि डोमाजी तो मान जिवापाड जपत असे.

"आज मोठी यादी आली हाये," तो म्हणाला. "देशातल्या शंभर मोठ्या कंपन्या. उलाढालीनुसार."

"उलाढाल मंजे काय गा?" रुखमाने विचारले.

"वर्षभरात जेवढा माल इकला, त्याचा सारा पैसा."

"असं होय! मंग आमच्या सासूले कायले सोडलं? थिच्या उलाढालीपुढं कोन टिकते?"

हशा पिकला. डोमाजीने हसू आवरून वाचनास आरंभ केला. प्रथम तेलाची कंपनी, मागोमाग पोलादाची, नंतर कोळशाची. अब्जांचे आकडे त्या तंबाखूच्या धुळीतून एकामागून एक जाऊ लागले. परक्याच्या लग्नाची वरात दारावरून जावी आणि आपण उंबऱ्यात उभे राहून पाहावी, तशा बायका ऐकत होत्या.

"डोमा," ताराबाई म्हणाली, "आपल्या शेठचा नंबर कितवा लागला?"

ताराबाई त्या छपरातील सर्वांत जुनी. लग्नाची हळद अंगावर असताना सासूने तिला या जागी आणून बसविले, त्यास तीस वर्षे लोटली होती. ही गोष्ट अठ्ठ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यातली. बिडी वळणाऱ्यांनाही म्हातारपणासाठी प्रॉव्हिडंट फंड मिळेल, असे नुकतेच ठरले होते. परंतु आपण गोवर्धनदास शेठचे कामगार आहोत, हे प्रथम सिद्ध करावयाचे होते. शेठचे मुनीम घनश्यामजी म्हणत, या बायका शेठच्या नव्हेतच. त्या कंत्राटावर बिड्या वळवून घेणाऱ्या गोपीचंद सट्टेदाराच्या, आणि त्याही तीन महिन्यांपासूनच्या. शेठ केवळ तयार बिडी विकत घेतात. दुसऱ्या दिवशी फंडाचे साहेब येणार होते आणि सर्वांच्या वतीने ताराबाई बोलणार होती.

डोमाजीने यादीवरून शेवटपर्यंत दृष्टी फिरविली. शेठचे नाव नव्हते. ते नसणार, हे त्यास ठाऊकच होते. 'नाही' हा एका शब्दाचा मामला; पण मान वर करताच त्याने पाहिले की, ताराबाईचे हात थांबले होते. ते हात थांबलेले त्याने आजवर पाहिले नव्हते.

"एकतिसावा," तो म्हणाला.

"मंजे आपल्या अलीकडं तीसच?"

"तीसच."

"अन् पल्याड सारा देश!"

ताराबाईने पुन्हा तेंदूचे पान हाती घेतले. तिच्या पाठीचा कणा मात्र त्या दिवशी सुटी होईपर्यंत ताठ होता.

दुसऱ्या दिवशी मुनीमजींच्या खोलीत साहेब बसले. दाराबाहेर साक्षीदारांची रांग लागली. ताराबाई आत गेली. तिच्या मागे, चौकटीला टेकून, डोमाजी उभा राहिला.

"बाई, तुम्ही काम कोणाचे करता?"

"गोवर्धनदास शेठचं. तीस वर्सं झाले."

"मुनीमजी तर म्हणतात, गोपीचंद सट्टेदाराचे."

"गोपीचंद काल-परवा आला, साहेब. थ्याचं तोंडबी आमी अजून नीट पायलं नाही."

साहेबांना हसू आले. ते भराभर लिहू लागले. माणूस भला होता. लिहिता लिहिता मान डोलावीत होता. मुनीमजींची चुळबुळ वाढली. ताराबाईने तेथेच थांबावयास हवे होते. पण ऐकणारा भेटला की दुबळ्याच्या तोंडी अभिमान येतोच.

"लहानसहान शेठ नाही आमचा," ती म्हणाली. "साऱ्या देशात एकतिसावा नंबर हाये. पेपरात आला."

लेखणी थांबली.

"अरे वा!" मुनीमजी खुर्चीतून पुढे झुकले. "साहेब, कल का पेपर तो आपके झोले में ही है. देख लो ना!"

साहेबांनी पेपर काढला. त्यांचे बोट यादीवरून सावकाश खाली उतरले.

"एकतिसावी सिमेंटची कंपनी आहे. तुमच्या शेठचे नाव शंभरात कोठेच नाही. हे तुम्हाला कोणी सांगितले?"

डोमाजीची नखे चौकटीच्या लाकडात रुतली. ताराबाईने मागे वळून पाहिले नाही.

"म्याच वाचलं," ती म्हणाली.

"तुम्ही स्वतः वाचलेत?"

"हो जी."

 साहेबांनी जबानीचा कागद तिच्यापुढे सरकविला आणि लेखणी पुढे केली. ताराबाईने लेखणीकडे पाहिले, अंगठा शाईच्या गादीवर दाबला आणि कागदावर ठेवला.

"पेपर वाचनाऱ्या बाईची सही पाहा, साहेब," मुनीमजी गोड आवाजात म्हणाले. "थिचे तीस वर्संबी असेच समजा."

साहेबांनी त्या निळ्या ठशाखाली एक ओळ लिहिली आणि नियमाप्रमाणे मोठ्याने वाचून दाखविली: "साक्षीदाराचे कथन विश्वासार्ह वाटत नाही." पुढील साक्षीदारास त्यांनी बोलाविले नाही. फाईल बांधून ते उठले. डोमाजीच्या ओठावर शब्द आला होता. तेवढ्यात साहेब दारापाशी पोहोचले आणि डोमाजीने अंग चोरून त्यांना वाट करून दिली.

सारेजण छपरात परतले. रुखमाने पदराने डोळे पुसले आणि सूप मांडीवर ओढले. ताराबाई डोमाजीजवळ येऊन बसली.

"साहेबाचा पेपर नागपूरचा असंल," ती हलक्या आवाजात म्हणाली. "आपला येगळा ना?"

डोमाजीने सुपातली पाने उगाच सारखी केली.

"आपल्यातलं नाव कुठी हाये, दाखव मले."

त्याने बसण्याच्या पोत्याखालून कालचा पेपर काढला. यादी उलगडली. तिच्या अंगठ्याची शाई अजून वाळली नव्हती. त्याने तिचे मनगट धरले आणि अंगठा एकतिसाव्या ओळीवर नेला.

"इथं," तो म्हणाला.

ताराबाईने अंगठा दाबून धरला. तिने तो उचलला तेव्हा सिमेंटच्या कंपनीचे नाव निळ्या ठशाखाली वाचता येत नव्हते.

"आता कोनाले मिटवता येनार नाही," ती म्हणाली. आणि आपल्या सुपातील मूठभर बिड्या तिने नित्याप्रमाणे डोमाजीच्या सुपात टाकल्या.