दोन स्क्रीन आणि बाबांची अक्षरं

'कृपया घंटा एकदाच वाजवावी.'

ऑफिसच्या ग्रुपवर माझ्या नावाने हा निरोप गेला, तेव्हा मी दारात कुरियरवाल्याच्या कागदावर सही करत होते. मॅडमनी विचारलं होतं, महिनाअखेरच्या फायली कधीपर्यंत होतील? त्याला हे उत्तर. पाठोपाठ दुसरं गेलं, 'येथे गाडी उभी करू नये.' आणि मग तिसरं, 'दुकान समोरच्या गाळ्यात हलवले आहे.'

मी खोलीत परत आले तर सासरे डाव्या स्क्रीनला नाक लावून बसलेले.

"अगं, तुझा हा कीबोर्ड कामातून गेला," ते म्हणाले. "मघापासून बडवतोय, एक अक्षर उमटेल तर शपथ."

उजव्या स्क्रीनवर अख्खं ऑफिस हसत होतं.

मी विम्याचे दावे तपासते. एका बाजूला हॉस्पिटलची बिलं उघडायची, दुसऱ्या बाजूला पॉलिसी, आणि दोन्हींचा मेळ घालायचा. ऑफिसने घरून काम करायची मुभा दिली आणि सोबत वहीएवढा लॅपटॉप दिला. त्यात डोकं घालून आठवड्याभरात मान धरली. घरात दोन मोठे स्क्रीन होते, पण ते बाबांचे, म्हणजे सासऱ्यांचे होते.

बाबा जन्मभर दुकानांचे बोर्ड रंगवत आले. सगळा भाग त्यांना पेंटर म्हणूनच ओळखतो. हात थरथरायला लागला तेव्हा त्यांनी ब्रश धुऊन, कापडात गुंडाळून ठेवले. माझ्या नवऱ्याने, म्हणजे त्यांच्या मुलाने, एका बंद पडलेल्या ऑफिसातून कॉम्प्युटर आणि दोन स्क्रीन आणून दिले. अक्षरं घडवायचं सॉफ्टवेअर बाबा व्हिडिओ बघून शिकले. त्यात ठिपके मांडायचे, ठिपक्यांतून रेषा वळते. हात हलून ठिपका सरकला, तर पुन्हा जागेवर आणता येतो. "ब्रशला माफी नव्हती," ते म्हणायचे, "इथं आहे." एका स्क्रीनवर अख्खं अक्षर आणि दुसऱ्यावर त्याचं एखादं वळण, ताटाएवढं मोठं करून. आपल्या हाताची सगळी अक्षरं त्यांना कॉम्प्युटरसाठी करून ठेवायची होती.

सुरुवातीला आम्ही रोज वायरी बदलायचो. मी टेबलाखाली शिरायचे आणि बाबा टॉर्च धरून सूचना द्यायचे. मग नवऱ्याने एक डबी आणली. तिचं बटण दाबलं की दोन्ही स्क्रीन, कीबोर्ड, माऊस, सगळं माझ्या लॅपटॉपकडे. पुन्हा दाबलं की बाबांच्या कॉम्प्युटरकडे. ऑफिसच्या वेळात ते माझं, नंतर त्यांचं. डाव्या स्क्रीनला मात्र बाबांच्या कॉम्प्युटरची एक वेगळी वायरही होती, म्हणजे दुपारी माझं काम हलकं असलं की तेवढा एक त्यांना देता यायचा. त्या दिवशी तो तसाच दिला होता. कीबोर्ड माझ्याकडेच राहिलाय हे सांगायचं राहून गेलं. नव्या अक्षरांत ओळी कशा दिसतात ते बघायला बाबा आपल्या जुन्या बोर्डांवरची वाक्यं टाइप करत होते, आणि ती माझ्या ऑफिसात जाऊन पडत होती.

संध्याकाळी मॅडमचा फोन आला.

"सासरे मजेशीर आहेत हो तुमचे," त्या म्हणाल्या. "पण त्या लॅपटॉपवर लोकांचे आजार असतात. घरातल्या दुसऱ्या कुणाचा हात लागून चालणार नाही. पुन्हा असं झालं तर तुम्हाला रोज ऑफिसात यावं लागेल. मग माझ्याही हातात काही उरणार नाही."

ऑफिस शहराच्या दुसऱ्या टोकाला. दोन बस बदलून पोचेपर्यंत जीव अर्धा व्हायचा. मी हो हो म्हटलं. बाबांना काही बोलले नाही, पण आमच्या घरात एका खोलीतलं दुसऱ्या खोलीत ऐकू येतंच.

सकाळी बघते तर दोन्ही स्क्रीन माझ्या खुर्चीकडे वळवलेले. बाबांच्या कॉम्प्युटरवर जुना टेबलक्लॉथ घातलेला.

"हे काय, बाबा?"

"काही नाही. कंटाळा आला गं. अक्षरं काय, पळून जातायत थोडीच."

बाबा कुढत बसले असते तर मी भांडले तरी असते. पण ते मजेत असल्यासारखे वागायचे. पेपर वाचायचे, अगदी जाहिरातींसकट. कपाटाच्या कुरकुरणाऱ्या बिजागरीला तेल घातलं. माझ्याबरोबर मटार सोलले. एकदा कोपऱ्यावर फिरून आले आणि चप्पल काढता काढता म्हणाले, "औषधाच्या दुकानावर नवा बोर्ड लावलाय. त्यातला 'ध' बघवत नाही. पोट सुटलंय त्याचं."

"तुमचा कसा आहे?"

"माझा व्हायचाय अजून," ते म्हणाले आणि पाणी प्यायला आत गेले.

जेवताना मी नवऱ्याकडे विषय काढला. बाबा आधीच जेवून गॅलरीत बसले होते.

"त्यांनी स्वतःच सोडलंय ना?" तो म्हणाला. "मग तू कशाला उकरून काढतेस?"

"सोडलं नाहीये. माझ्यासाठी बाजूला ठेवलंय."

जेवण झाल्यावर तो स्टूल घेऊन माळ्यावर चढला आणि एक जुना कीबोर्ड नि माऊस शोधून माझ्यापुढे ठेवला.

सुट्टीच्या दिवशी सकाळी मी टेबलाखाली शिरले. बाबा दारात येऊन उभे राहिले.

"काय चाललंय?"

"टॉर्च धरा आधी."

त्यांनी धरला. डबीतून मी माझा कीबोर्ड आणि माऊस काढले आणि थेट लॅपटॉपला लावले. आता डबीकडे फक्त स्क्रीन राहिले. जुना कीबोर्ड आणि माऊस बाबांच्या कॉम्प्युटरला जोडून बाहेर आले.

"हा तुमचा. ह्याला माझ्या ऑफिसचा रस्ताच नाही. काय वाट्टेल ते बडवा."

"आणि काही गडबड झाली तर? तुझी नोकरी जाईल."

"मॅडमना विचारलंय. स्क्रीन वापरले तर चालेल, लॅपटॉपला हात नको. तो मी उठताना कपाटात ठेवणार. आणि नोकरी माझी आहे बाबा, मी बघते."

ते आत जाऊन लाल ऑइलपेंटचा डबा घेऊन आले. झाकण मी उघडून दिलं. त्यांनी काडी बुडवून आपल्या कीबोर्डच्या कोपऱ्यात एक ठिपका दिला.

"ठिपका तेवढा अजून जमतो," म्हणाले. टेबलक्लॉथ त्यांनी स्वतःच घडी करून ठेवला.

तेव्हापासून सगळं सुरळीत आहे. संध्याकाळी मी लॅपटॉप आवरते, बटण दाबते. माझी बिलं जातात आणि तिथे बाबांची अक्षरं येतात. पूर्वी मी लगेच उठून स्वयंपाकाला लागायचे. आता चहाचा कप घेऊन जरा वेळ मागे उभी राहते. 'ध' झाला. चांगला सडपातळ झाला.

परवा वेलांट्या चालल्या होत्या. हात जास्तच हलत होता. ठिपका जागेवर आणायचा, सोडायच्या आत तो निसटायचा. दोनदा, चारदा झालं. बाबांनी माऊसवरचा हात उचलला, मांडीवर ठेवला आणि दुसऱ्या हाताने धरून ठेवला. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

"तुला वेळ आहे का गं जरा?"

मी कप ठेवला, खुर्ची ओढली आणि माऊस घेतला.

"तो ठिपका. वर घे. अजून. बास."

"असं?"

"जाड झाली. आणि उतरताना घाई केलीस."

"मग कशी उतरू?"

त्यांनी मांडीवरचा हात सोडवून घेतला आणि स्क्रीनसमोर हवेत बोट धरलं. वरून निघाले, वेलांटीच्या डोक्यावरून संथ वळले, खाली आले. बोट थरथरत होतं. थरथर सोडून मी वळण तेवढं घेतलं.