पलीकडचा गेला तेव्हा

मित्रांनो, कल्पना करा, एका भिंतीच्या अलीकडे तुम्ही आहात आणि पलीकडे तुमचा भाऊ. भिंतीला दार नाही, खिडकी नाही. तरी तो हलला की तुम्हीही हलता. मी असाच जगलो.

मी काचेच्या तुकड्यावरचा एक जुना थर आहे, लोखंड आणि निकेल यांचा. केसाच्या जाडीत माझ्यासारखे हजारो थर मावतील. माझ्यावर क्रोमचा त्याहून पातळ थर, आणि त्यावर शुद्ध लोखंडाचा. तो माझा भाऊ.

धुळ्याच्या कॉलेजात लोटन सर आम्हाला चुंबकाच्या दोन टोकांमध्ये ठेवत, सूक्ष्मलहरी सोडत आणि चुंबकाचं बळ हळूहळू वाढवत. एका ठरावीक बळाला मी थरथरे, दुसऱ्याला भाऊ. याला अनुनाद म्हणतात. प्रत्येक थरथरीला कागदावरची रेघ खाली बुडे. पण आमचे दोन्ही खळगे आपापल्या जागेवरून सरकलेले असत. क्रोममधून हे एकमेकांना ओढतात, असं सर म्हणत. त्यांचे मार्गदर्शक तोताराम सर मानेनात. यंत्र आहे की पोळ्याचा बैल, वाटेल तिकडे सरकतंय, असं त्यांनी हिणवलं. दसऱ्यानंतर स्वतः येऊन बघतो, नाही पटलं तर काम बंद, असंही बजावलं.

ते १९९३ साल होतं. सुट्टी लागली म्हणून सरांनी आम्हाला डबीत घालून घरी आणलं. खंडेनवमीला देवापुढे विळा, कोयता, शिलाई मशीन मांडलं होतं. सरांची मुलगी चारुशीला आमची डबी घेऊन आली आणि हेही मांडू का, असं तिने आत्याला विचारलं. आत्या, इंदिराबाई, वाती वळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "लोखंड शे ना? मंग कुकू लावानंच."

चारुशीलाने ओलं कुंकू लावलं. दुसऱ्या दिवशी फडक्याने नीट घासून पुसलं. भावाला गंजापासून वाचवणारा वरचा नाजूक लेप त्यात निघून गेला. बंद डबीत ओल राहिली आणि भाऊ गंजू लागला. पलीकडची ओढ रोज थोडी कमी होई. मला ते कळत होतं, पण मी कोणाला हाक मारणार?

सुट्टी संपली, आम्ही पुन्हा कॉलेजात आलो आणि तोताराम सर आले. रेघ निघाली. एकच खळगा. लोटन सरांनी काच उजेडात धरली, तर वर गंज.

"बाबा, मी कुकू लावलं होतं," सरांबरोबर आलेली चारुशीला प्रयोगशाळेच्या दारातून म्हणाली.

कोणी रागावलं नाही. तोताराम सर कागदावर वाकले होते.

"लोटनराव, हा खळगा जुन्या जागी नाही."

"नाही सर. एकटा थर असला की तो जिथे येतो, तिथे आलाय."

"म्हणजे यंत्र बरोबर होतं. शेजारी होता, म्हणूनच हा सरकला होता." त्यांनी चष्मा काढला. "काम चालू ठेवा."

भाऊ होता हे त्यांना पटलं, पण तो गेल्यावर. आजही चुंबकाजवळ नेलं की मी थरथरतो आणि पलीकडून काही येतंय का, याची वाट पाहतो. मित्रांनो, अनोळखी वस्तूला हात लावण्याआधी जरूर विचारा, पण ज्याला ती ठाऊक आहे त्यालाच विचारा.

त्या दिवशी दोघे सर चहाला गेले. चारुशीला आत आली. तिने काच कडेने धरून डबीत ठेवली, डबी कानाला लावली, आणि श्वास रोखून ऐकत राहिली.