पाच माझा

मयुराचं 'थांबलेला पंखा' हे गाणं ज्याने ऐकलेलं नाही, असा माणूस नागपुरात शोधायला निघाला असतात, तर गांधीबागेत मधुकररावांच्या कापडदुकानाशी येऊन थांबावं लागलं असतं. त्यांचा मुलगा दुर्गेश ते गाणं ऐकत नव्हता. रिक्षात, चहाच्या टपरीवर, जो तो बघत असलेल्या रीलमध्ये ध्रुवपद तेवढं कानावर आदळायचं, त्याला इलाज नव्हता. पण अख्खं गाणं आपण होऊन लावायचं नाही, असा त्याने पण केला होता. चौतिसाव्या वर्षी असला रुसवा शोभत नाही, हे त्यालाही कळत होतं. तरी तो रुसला होता.

कारण मयुरा आधी सात वर्षं त्याच्याच बँडमध्ये गात होती. बँडचं नाव 'उकाडा'. तालीम दुकानामागच्या गोदामात चालायची, कारण कापडाच्या गठाणींत आवाज जिरतो आणि शेजारी भांडायला येत नाहीत. दुर्गेश ड्रमवर. गाणं मोजून सुरू करून देणं ड्रमवाल्याचं काम, म्हणून पहिल्या दिवशी त्याने काड्या एकमेकींवर आपटल्या आणि म्हणाला, "लाभ, दोन, तीन, चार, पाच..."

बाकीचे हसून हसून गठाणींवर आडवे झाले. त्या बिचाऱ्याचा काय दोष? त्याचे आजोबा आधी धान्याच्या अडतीवर मापारी होते. धान्य मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. पुढे आजोबांनी कापडाचं दुकान टाकलं, पण सवय तीच राहिली. थान मोजायलाही लाभ. तिसऱ्या पिढीपर्यंत घरात कोणाच्या तोंडून एक निघेना.

"लाभ राहू दे," मयुरा डोळे पुसत म्हणाली. "पण चारवर थांबत जा गा. पाच माझा."

तेव्हापासून तसंच ठरलं. चार झाले की ती डाव्या खांद्यावरून मागे वळून एकदा त्याच्याकडे बघायची आणि पाचवर तिचा खरखरीत, मोठा आवाज उठायचा. त्या एका बघण्यावर दुर्गेशने सात वर्षं काढली. त्याचं तिच्यावर प्रेम होतं. गिटार वाजवणाऱ्या जितेंद्रला ते ठाऊक होतं, बहुतेक तिलाही ठाऊक होतं. फक्त सांगायचं राहिलं.

'थांबलेला पंखा' त्या गोदामातच झालं. मे महिना होता. मोबाइलवर रेकॉर्डिंग करायचं तर पंख्याची घरघर नको, म्हणून पंखा बंद केला. घामाने निथळत सगळे त्याच्याकडे बघत बसले आणि मयुराला ओळी सुचल्या. त्याच वर्षी तिला मुंबईहून बोलावणं आलं.

"तू पण चल ना," ती म्हणाली. "तिथं माह्यासाठी कोण मोजणार?"

"दिवाळीचा सीझन होऊ दे. मग येतो."

कापडाच्या धंद्यात सीझन कधी संपत नाही. दिवाळी झाली की लग्नसराई, लग्नसराई झाली की शाळेचे गणवेश. तिचे फोन आधी रोज यायचे, मग आठवड्याने, मग वाढदिवसाला, मग तेही नाही. तीन वर्षांनी तिचं एकटीचं पहिलं गाणं आलं, तेच 'थांबलेला पंखा', आणि लोकांनी डोक्यावर घेतलं. त्यात ड्रम वाजवणारा मुंबईचा कोणी होता. त्याचं नावही माहीत नसताना दुर्गेश त्याच्यावर जळत होता.

एके दुपारी दुकानाच्या जुन्या गिऱ्हाईक, काटोलच्या कुसुमताई माल घ्यायला आल्या. बसता बसताच म्हणाल्या, "काहून गा दुर्गेश, गाण्यात गेला तू, अन् सांगतलं नाही?"

"मी कुठं गेलो?"

"माही नात दिवसभर हेच लावून राहिली. मी म्हटलं, थांब वं, हा तर आपला गांधीबागेतला पोरगा मोजून राहिला." आणि त्यांनी मोबाइल पुढे धरला.

आधी पंख्याची घरघर हळू होत गेली आणि बंद पडली. मग काडीवर काडी. मग दुर्गेशचा स्वतःचा आवाज, गोदामातला. लाभ, दोन, तीन, चार. आणि मग मयुरा.

गठाण आणतो असं सांगून तो आत गेला आणि उभ्याउभ्या रडला. तिने त्याला ठेवलं होतं. गाण्याच्या अगदी सुरुवातीला ठेवलं होतं, आणि रीलवाले सुरुवातच कापून टाकत असल्यामुळे महिनाभर त्याला पत्ता नव्हता. आता सांगायचंच, त्याने ठरवलं. फोनवर नको, समोर.

जानेवारीत तिचा नागपुरात कार्यक्रम ठरला, धरमपेठेपलीकडच्या एका मैदानावर. दुर्गेशने दाढी केली, नवा शर्ट घातला आणि दुकान पाचलाच सोडलं. मधुकररावांनी चष्म्यावरून बघितलं.

शेवटी ते गाणं आलं. मयुराने माइक लोकांपुढे धरला, आणि अख्खं मैदान एका सुरात ओरडलं, "लाभ, दोन, तीन, चार." ती डाव्या खांद्यावरून मागे वळली. तिथला ड्रमवाला कानाला हेडफोन लावून खाली बघत होता. त्याने मान वर केली नाही. ती क्षणभर तिकडेच बघत राहिली, मग समोर वळली आणि गायली. तीही आपल्याला शोधते, हे दुर्गेशने डोळ्यांनी बघितलं.

गाणं संपताच तो मागच्या फाटकाकडे धावला. "मैं उनके बैंड में था," तो पहारेकऱ्याला म्हणाला.

"शाम से छठे हो भैया," पहारेकरी कंटाळून म्हणाला. "सब उनके बैंड में थे."

काळ्या काचांची गाडी बाहेर पडली. दुर्गेशने हात वर केला, तसा आणखी शंभरेक जणांनीही केला होता. गाडी निघून गेली. त्याने तिच्या जुन्या नंबरवर लिहिलं, 'मी आलो होतो.' एकच टिक पडली. घरी पोचेपर्यंत त्याने दहा वेळा बघितलं, टिक एकच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळीही एकच होती. दुकानात पहिलं गिऱ्हाईक पडद्याचं कापड घ्यायला आलं. बारा मीटर हवं होतं. मधुकरराव बाजूला पेपर वाचत होते. दुर्गेशने थान उलगडलं, पट्टी लावली आणि मोजायला लागला.

"लाभ, दोन, तीन, चार."

आणि थांबला. कापड हातात ताणलेलं तसंच राहिलं. गिऱ्हाईकाने त्याच्याकडे बघितलं, मग मधुकररावांकडे.

मधुकररावांनी पेपर खाली केला. "काहून थांबला?" ते म्हणाले. "पाच म्हण ना गा."

दुर्गेशने कापड पुढे ओढलं.

"पाच," तो म्हणाला.